हाडांना कॅल्शियम हवे, आणि भारही हवा

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी आई मोरीत घसरली. पडणे फार मोठे नव्हते. तोल सावरण्यासाठी तिने हात टेकला आणि उजवे मनगट मोडले. तिचे वय तेव्हा ६३ होते. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सांगितले की, उभ्या उंचीवरून साधे पडून हाड मोडले, तर ते आधीपासूनच ठिसूळ झाले असावे असे धरून पुढची तपासणी करायची. घरी आल्यावर मी तिचा औषधांचा स्टीलचा डबा टेबलावर रिकामा केला. त्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या कॅल्शियमच्या पट्ट्या निघाल्या, आणि भिंगातून वाचल्यावर तिन्हींमध्ये एकच गोष्ट असल्याचे दिसले. वेगवेगळ्या वेळी लिहून मिळालेल्या त्या तिन्ही गोळ्या आई सकाळी चहाबरोबर एकदम घेत होती, तेही थायरॉईडच्या गोळीनंतर अर्ध्या तासात. म्हणजे कॅल्शियम नीट शोषले जात नव्हते आणि थायरॉईडची गोळीही लागू पडत नव्हती. व्यायाम म्हणून देवळापर्यंतचे चालणे होते, बाकी काही नव्हते.

त्यानंतरचे वर्षभर आम्ही जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडत आहे. हा लेख प्रामुख्याने पाळी जाण्याच्या वयातल्या आणि त्यापुढच्या स्त्रियांसाठी आहे, कारण इस्ट्रोजेन कमी झाल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हाड हा जिवंत भाग आहे. त्यातला जुना अंश सतत खरवडला जातो आणि त्या जागी नवा भरला जातो. कुठे किती भरायचे, हे त्या हाडावर पडणाऱ्या ताणावरून ठरते. जर्मन शल्यविशारद जुलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे तत्त्व मांडले. अंतराळवीरांच्या बाबतीत ते ठळकपणे दिसते: वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक टक्का किंवा त्याहूनही अधिक घटते, आणि आहार उत्तम असला म्हणून ती घट थांबत नाही. म्हणून गोळी आणि व्यायाम यांतला एक पर्याय निवडायचा नसतो. गोळी फक्त आहारातली तूट भरून काढते. हाडाला घट्ट राहण्याचे कारण भारच देतो.

पहिली पायरी: काय बिघडले आहे ते पाहणे

हाडांच्या घनतेसाठी खात्रीची तपासणी म्हणजे खुबा आणि कंबरेचे मणके यांची डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी घनता मोजणारी चाचणी. शिबिरांत टाचेवर यंत्र लावून जो आकडा सांगतात, तो फार तर इशारा समजावा. त्यावरून औषध सुरू करू नये. डेक्साच्या अहवालात टी-स्कोअर असतो, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांच्या तुलनेत आपली घनता किती, हे सांगणारा आकडा. उणे १ पर्यंत घनता ठीक मानतात, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान ती कमी झालेली असते, आणि उणे २.५ किंवा त्याखाली आकडा गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे अस्थिसुषिरता, असे निदान होते.

रक्ताच्या तपासण्यांत ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि थायरॉईड एवढे तरी पाहावे, कारण मूत्रपिंडाचा विकार किंवा प्रमाणाबाहेर झालेले थायरॉईड यांमुळेही हाडे झिजतात. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या विकारासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तंबाखूने हाडांचे नुकसान होते, आणि मिशरी ही तंबाखूच आहे. आपल्याकडे अनेक घरांत ती व्यसनात मोजलीच जात नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारले तरी ‘नाही’ असे उत्तर जाते.

आणखी एक तपासणी घरच्या घरी होते. भिंतीला पाठ टेकवून उंची मोजावी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ती चार सेंटिमीटरहून अधिक घटली असेल, तर एखादा मणका न दुखताच दबला गेल्याची शक्यता असते. तसे दिसल्यास पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा आणि तोवर पुढे दिलेले व्यायाम सुरू करू नयेत.

दुसरी पायरी: ताटातले कॅल्शियम मोजणे

प्रौढ माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांसाठी १२०० धरावे. या आकड्यात आहार आणि गोळी दोन्ही येतात. बहुतेकांची गल्लत इथेच होते, कारण १२०० हा गोळीचाच आकडा समजला जातो.

आम्ही आईच्या एका साध्या दिवसाचा हिशेब वहीत मांडला. तीन वेळच्या चहातले मिळून १२० मिलिलिटर दूध म्हणजे जवळपास १४० मिलिग्रॅम. जेवणानंतरचे पातळ ताक, ज्यात खरे दही जेमतेम अर्धी वाटी, म्हणजे ६०. तिळाची चटणी एक लहान चमचा, आणखी ६०. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी या सगळ्यांचे मिळून १५०. एकूण ४१० च्या आसपास. ‘मी तर सगळे व्यवस्थित खाते’ असे म्हणणाऱ्या बाईची ही परिस्थिती होती, आणि ती खरोखरच व्यवस्थित खात होती. ज्वारीत कॅल्शियम फारसे नसते एवढेच.

आम्ही दोनच बदल केले. रात्री एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, दूध सुरू केले. त्याचे २४० मिळाले. दुपारची एक भाकरी नाचणीची केली. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, त्यामुळे पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीतून १८० च्या जवळ मिळाले. बेरीज ८३० झाली आणि तूट ३७० वर आली. एवढ्या तुटीसाठी ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. तीन गोळ्यांची गरज कधी नव्हतीच.

दूध पचत नसेल तर दही आणि ताक बहुधा चालते. दूध अजिबात नको असणाऱ्यांसाठी शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची पालेभाजी, कुळीथ आणि न सोललेले तीळ हे चांगले स्रोत आहेत. मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट चावून खाता येणारी लहान मासळी आणि सुकट घ्यावी, कारण कॅल्शियम त्या काट्यांतच असते; सुकट मात्र खारवलेली असेल तर धुऊन घ्यावी. पालकाच्या भरवशावर राहू नये. त्यात कॅल्शियम आहे, पण पालकातच असलेल्या, कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झॅलेटमुळे त्यातले जेमतेम पाच टक्के शोषले जाते, तर दुधातले तीस टक्क्यांच्या आसपास. पानाला लावायचा चुना गव्हाच्या दाण्याएवढा रोज खावा, हा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. चुना दाहक आहे, त्याची मात्रा मोजता येत नाही, आणि तोंड व अन्ननलिका भाजण्याचा धोका असतो. तो खाऊ नये.

प्रथिनांकडेही तितकेच लक्ष हवे, कारण हाडाचा सांगाडा कोलॅजेन या प्रथिनाचा असतो आणि त्याला ओढून धरणारे स्नायूही प्रथिनांचेच असतात. साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम किंवा थोडे अधिक प्रथिन मिळायला हवे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. पातळ वरणाच्या एका वाटीने ही गरज भागत नाही. घट्ट वरण, उसळ, दही, अंडे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. लोणचे आणि पापड मर्यादेत ठेवावेत, कारण मीठ वाढले की लघवीवाटे जाणारे कॅल्शियमही वाढते.

तिसरी पायरी: गोळी निवडणे आणि तिची वेळ ठरवणे

पट्टीच्या मागचा बारीक मजकूर वाचावा. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असेल तर त्यातून मिळणारे कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते, कारण कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असते. सायट्रेटमध्ये ते सुमारे २१ टक्के असते, म्हणून ती गोळी मोठी असूनही त्यातून मिळणारा आकडा लहान असतो. हिशेबासाठी ‘एलिमेंटल कॅल्शियम’पुढचा आकडाच घ्यावा.

कार्बोनेट स्वस्त असते, पण ते विरघळायला जठरातले आम्ल लागते, म्हणून ते जेवताना किंवा जेवण होताच घ्यावे. पित्तासाठी पँटोप्रॅझोलसारखी गोळी रोज चालू असेल, तर आम्ल कमी असते आणि कार्बोनेट नीट शोषले जात नाही. अशा वेळी सायट्रेट मागून घ्यावे, ते रिकाम्या पोटीही चालते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, कारण त्यापुढे शोषणाचे प्रमाण घटत जाते. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, आणि काही प्रतिजैविकांनाही कॅल्शियम अडवते, म्हणून नवे औषध सुरू होताना विचारून घ्यावे. आईचे वेळापत्रक आता असे आहे: सकाळी सहाला थायरॉईड, दुपारी जेवणाबरोबर कॅल्शियम. थायरॉईडची मात्रा जी वाढवावी लागली होती, ती डॉक्टरांनी पुढच्या तपासणीनंतर पुन्हा कमी केली.

मुतखडा झालेल्यांनी गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. आहारातले कॅल्शियम मात्र त्यांनीही तोडू नये.

मॅग्नेशियम, के-२ जीवनसत्त्व, कोलॅजेनची पावडर यांच्या जाहिराती भरपूर असतात. हाड मोडणे टळते असा भक्कम पुरावा यांपैकी कशाच्याही मागे नाही, आणि वॉर्फेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर के जीवनसत्त्व त्याच्या कामात अडथळा आणते. ते पैसे मी दूध आणि अंड्यांवर खर्च करीन.

चौथी पायरी: ड जीवनसत्त्व, आणि साठ हजारची पुडी

ड जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. कोवळे ऊन अंगावर घ्यावे, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फारच कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, त्या वेळचे, म्हणजे साधारण दहा-अकरा ते तीनच्या दरम्यानचे ऊन उपयोगी असते. हात, दंड आणि पाय उघडे ठेवून आठवड्यातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटे बसावे. उन्हाळ्यात वेळ कमी करावा आणि डोके झाकावे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी आहे, कारण काच तेच किरण अडवते.

रक्तातली ड जीवनसत्त्वाची पातळी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटांची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात आणि पुढे कमी मात्रा ठरवतात. आठवड्यातून एकदा, हे शब्द घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजेत. ही पुडी चुकून रोज घेतली, तर रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे असतात आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आईची पुडी आम्ही रविवारी घेतो, कॅलेंडरवर खूण करतो आणि उरलेल्या पुड्या तिच्या डब्यात ठेवत नाही. पुडी मुख्य जेवणानंतर किंवा दुधातून घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर चांगले शोषले जाते.

जास्त घेतले म्हणजे जास्त फायदा, असे इथे होत नाही. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या ३२७० वयोवृद्ध स्त्रियांवरचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण लक्षणीय कमी झाले. त्या स्त्रियांमध्ये कमतरता होती. उलट अमेरिकेत सुमारे २६,००० मध्यमवयीन व ज्येष्ठ लोकांना पाच वर्षांच्या वर रोज २००० युनिट किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन पाहिली. त्या लोकांमध्ये कमतरता असेलच असे नव्हते, आणि २०२२ मधल्या निष्कर्षानुसार हाडे मोडण्यात काही फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदाच ५ लाख युनिटांची मात्रा दिलेल्या वृद्ध स्त्रिया तर अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली, असे २०१० मध्ये दिसून आले. तूट असेल तर भरावी, आणि भरली की थांबावे.

पाचवी पायरी: हाडांवर भार टाकणे

चालणे हृदयाला आणि मनाला उत्तम आहे, ते सोडू नये. पण रोज त्याच वेगाने सपाट रस्त्यावर चालून कंबरेच्या मणक्यांची घनता वाढत नाही. पोहणे आणि सायकल यांत हाडांवर शरीराचे वजनच पुरेसे येत नाही. हाडाला नेहमीपेक्षा अधिक आणि हळूहळू वाढत जाणारा भार लागतो.

पहिला महिना फक्त स्वतःच्या वजनाचा. आईने सुरुवात स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी केली. दूध तापत ठेवायचे, ओट्याच्या कडेला दोन्ही हातांची बोटे टेकवायची, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहायचे, तीन आकडे मोजायचे आणि हळू खाली यायचे. दूध वर येईपर्यंत पंधरा वेळा होते. मग त्याच जागी एका पायावर उभे राहायचे, बोटे ओट्यावरच. आधी दहा सेकंद, पुढे तीस, पुढे एकाच बोटाच्या आधाराने. पहिल्या आठवड्यात ती डाव्या पायावर चार सेकंदही उभी राहू शकत नव्हती. त्या चार सेकंदांनी मला मोडलेल्या मनगटापेक्षा जास्त काळजीत टाकले होते.

याच्या जोडीला हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे व बसणे, दहा वेळा. भिंतीला हात लावून भिंतीवरच जोर काढणे, दहा वेळा. आणि पाठीसाठी पालथे झोपून, हात अंगाशी ठेवून, छाती जमिनीपासून चार बोटे उचलून पाच आकडे धरणे. आठवड्यातून तीन दिवस हे सगळे दोनदा केले तरी पंचवीस मिनिटे लागतात.

दुसऱ्या महिन्यापासून वजन आणावे. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. अशा दोन बाटल्या हातात घेऊन खुर्चीतून उठणे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढउतार करणे आणि बाटल्या खांद्यापासून डोक्यावर नेणे. एखादी हालचाल बारा वेळा सहज होऊ लागली की वजन वाढवावे. वाढवल्यावर आठच वेळा झाली तरी चालते. बाटल्यांनंतर पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून बसणे-उठणे येते. अनेकजणी दोन किलोंवर वर्षभर थांबतात आणि व्यायामाचा उपयोग होत नाही असे म्हणतात. भार वाढला नाही तर हाडाने बदलायचे कशासाठी?

जमिनीवरचे वजन उचलण्याची रीत वेगळी शिकावी लागते. पाय खांद्याएवढे फाकवायचे, गुडघे वाकवायचे, कंबर मागे न्यायची, पाठ सरळ ठेवायची, वस्तू अंगाजवळ आणायची आणि पायांच्या जोराने उठायचे. पाण्याने भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची असते आणि आपल्याकडे ती वाकून, झटक्यात उचलली जाते. ठिसूळ मणका दबण्याचे ते नेहमीचे निमित्त आहे. बादली अर्धीच भरावी.

ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांपैकी निम्म्यांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खरोखर जड वजने उचलायला लावली. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. पाळी गेलेल्या स्त्रियांना जड वजन झेपणार नाही, हा समज त्यातून खोटा ठरला. मात्र तितके जड वजन फिजिओथेरपिस्ट किंवा जाणकार प्रशिक्षक समोर असतानाच उचलावे.

उड्यांचा धक्का खुब्याच्या हाडाला उपयोगी पडतो. चाळिशीतल्या, हाडे चांगली असलेल्या स्त्रियांनी दोरीवरच्या उड्या जरूर माराव्यात. मंगळागौरीला झिम्मा आणि फुगडी खेळणाऱ्या बायका हाच धक्का पायांना देतात, फक्त वर्षातून एक रात्र. तो आठवड्यातून तीन-चार दिवस दहा-वीस उड्यांच्या रूपात मिळायला हवा. हाड मोडून गेलेल्यांनी, टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असलेल्यांनी किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी उड्या मारू नयेत. त्यांनी टाचा उचलून थोड्या जोराने खाली टेकवाव्यात, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

योगासनांबद्दल एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रियांच्या अभ्यासात, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवी मोड दिसली, तर पाठ मागे नेणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या. अभ्यास लहान होता, पण त्यातली दिशा स्पष्ट आहे. पश्चिमोत्तानासन, हलासन, पादहस्तासन आणि सूर्यनमस्कारातले पूर्ण पुढे वाकणे हे ठिसूळ मणक्यांसाठी नाही. सौम्य भुजंगासन, वीरभद्रासन, भिंतीच्या आधाराने वृक्षासन चालते. वर्गात शिकवणाऱ्यांना आपला डेक्साचा अहवाल आधी दाखवावा.

पडू नये यासाठी

आईच्या मोरीत आम्ही हात धरायला दोन स्टीलचे दांडे बसवले, शहाबादीवरचे शेवाळ घासून काढले, खरखरीत रबरी पट्ट्या लावल्या आणि रात्री जळणारा लहान दिवा ठेवला. पायांत घोळणारा गाऊन चार बोटे आखूड केला, गुळगुळीत झालेल्या सपाता टाकून दिल्या. झोपेची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे.

औषध लागणार असेल तर

टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असेल किंवा साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर कॅल्शियम आणि व्यायाम औषधाची जागा घेत नाहीत. औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि पुढचा अर्धा तास आडवे व्हायचे नसते व काही खायचे नसते; दात काढायचा असेल तर या औषधाविषयी दंतवैद्यांना आधीच सांगावे. सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल तर त्याची तारीख चुकवू नये आणि ते परस्पर बंद करू नये, कारण ते थांबल्यावर मणके एकापाठोपाठ एक दबण्याचा धोका असतो.

पुढची डेक्सा दीड-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करावी; वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि हाडातला बदल त्याआधी मोजण्याएवढा होत नाही. तोपर्यंत प्रगती ओट्यापाशीच पाहावी. आई आता डाव्या पायावर बावीस सेकंद उभी राहते. उजवा हात अजून थोडा अशक्त आहे, म्हणून त्या हातातली बाटली अर्धीच भरलेली असते. दर पंधरा दिवसांनी आम्ही त्यात बोटभर पाणी वाढवतो.